एका गाण्यात एक शर्ट

टोपणनावाचा आणि माणसाचा एकमेकांशी मेळ असलाच पाहिजे, असा काही नियम नाही. गल्ली ज्यांना कडकराव म्हणत असे, त्यांचा स्वतःचा शर्ट रात्रभर उशाला बोळा करून घेतल्यासारखा दिसे. पँटला दोन्ही गुडघ्यांवर फुगे आलेले असत. कडक होती ती त्यांच्या दुकानातली इस्त्री. दुकान म्हणजे तरी काय, दोन टेबलं, मागे फळ्यांचं कपाट, कपाटाआड एक शेगडी, पुढे रस्ता आणि या सगळ्याच्या मध्ये बायको. ती मध्ये होती म्हणून दुकान उभं होतं. हे गल्लीला ठाऊक होतं, कडकरावांनाही ठाऊक होतं, फक्त ते बोलून दाखवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. गल्ली तिला काकू म्हणे.

दोन टेबलांच्या मधल्या फळीवर टेप असे. त्याचं झाकण कधीच मोडलं होतं आणि आता ते जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकने जागेवर धरून ठेवलेलं होतं. या टेपवर सकाळी दुकान उघडल्यापासून दुकान बंद होईपर्यंत एकच माणूस गात असे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तो नुकता गायला लागला होता. त्या वेळी त्याला भरपूर केस होते आणि एकच दुःख होतं, ती सोडून गेली. पुढे केस गेले, दुःख राहिलं. वर्ष-दोन वर्षांनी नवी कॅसेट निघायची, तिच्या वेष्टनावर त्याची हनुवटी थोडी आणखी रुंद झालेली असायची, आणि आतल्या प्रत्येक गाण्यात ती गेलेली असायची. कधी स्टेशनातून, कधी चिठ्ठी ठेवून, कधी चिठ्ठी न ठेवता.

"इतक्या वेळा गेली, म्हणजे मधून मधून परत येत असणार," कडकराव म्हणत. "त्याशिवाय पुन्हा जाईल कशी? ते गाणं कुठंय? ती आली, जेवली, बसली, बरं चाललंय, असं एखादं?"

"तुम्ही इस्त्री बघा. धूर येतोय."

"हुंदकेश्वर," कडकराव म्हणत आणि इस्त्री उचलत. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

भांडण असं रोजचं होतं, पण त्यामागे सिद्धान्त होता. दुकानात एका गाण्यात एक शर्ट होत असे. वाद्यं वाजायला लागली की कॉलर, पहिल्या कडव्याला खांदा आणि कफ, दुसऱ्याला बाह्या, मग पुढच्या दोन बाजू. शेवटी हुंदकेश्वराचा आवाज एक पट्टी वर जाई, न चुकता, प्रत्येक गाण्यात, तेव्हा पाठ आणि घडी. "चढला जिना," असं कडकराव म्हणत आणि शर्ट बाजूला ठेवत.

"आता मला सांग," ते म्हणत, "गाणी वेगवेगळी असती तर कधीतरी बाही राहिली असती. राहिली? कधीच नाही. म्हणजे त्याने आयुष्यभर एकच गाणं गायलं, आणि पैसे मात्र दर वेळी वेगळे घेतले."

"शर्ट तरी सारखे असतात का?"

"पांढरे शर्ट सगळे सारखेच."

"म्हणून तर तुम्हाला दोरे लागतात," काकू म्हणत, आणि इथे कडकराव पुढचा शर्ट ओढून घेत. कारण ते खरं होतं. गल्लीतले निम्मे लोक बँकेत, शाळेत नाहीतर हॉटेलात कामाला होते आणि सगळे पांढरे शर्ट घालत. कोणाचा कोणता हे कळावं म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा एक टाका असे. बँकेतल्याचा निळा, हॉटेलातल्या वाढप्याचा लाल, समोरच्या जिन्यावरच्या खोलीत राहणाऱ्या चष्मेवाल्याचा हिरवा. कडकराव प्रत्येक शर्टाची कॉलर उलटून बघत. काकूंनी आयुष्यात कॉलर उलटली नव्हती. शर्टावरून हात फिरवायचा की झालं. हा डाव्या खांद्यावर पिशवी अडकवतो. ह्याच्या बायकोने हे बटण दुसऱ्या शर्टाचं लावलंय, तिचं लक्ष नाही हल्ली त्याच्याकडे. हा बाहीला नाक पुसतो, एवढा मोठा साहेब, पण पुसतो. शर्टावरून त्या अख्खी गल्ली वाचत, आणि वाचलेलं सहसा कडकरावांपलीकडे जाऊ देत नसत.

भांडण मिटवायची त्यांची एक रीत होती. तिला ते दोघं परीक्षा म्हणत. दुपारी काम थंडावलं की कडकराव कुठलीही कॅसेट न बघता काढत, टेपमध्ये घालत, कुठेतरी पुढे पळवून गाण्याच्या सुरुवातीला आणून बटण दाबत. काकूंनी गाणं ओळखायचं. हरेल त्याने चहा करायचा. काकूंना शब्द लागत नसत, चालही लागत नसे. गाण्याआधी तो माणूस एक श्वास घेई. कॅसेटच्या खरखरीत तो श्वास ऐकू आला न आला की काकू म्हणत, "स्टेशनातलं." किंवा "चिठ्ठीतलं." किंवा "हे ते, ज्यात त्याला सर्दी झालीये."

कडकराव वेष्टन बघत, मान हलवत आणि शेगडीकडे जात. घरात चहा कोणी करायचा हा प्रश्न जगात फार ठिकाणी अनिर्णित आहे. त्यांच्याकडे तो एका रडक्या गायकाने कायमचा सोडवला होता.

"श्वास काय, सगळेच घेतात," एकदा चहा गाळताना ते कुरकुरले.

"सगळेच घेतात. पण एकसारखा कोणी घेत नाही." काकू शर्टाची घडी घालत होत्या. "उद्या मला ही सगळी सारखी वाटायला लागली, तर पुरुषही सगळे सारखेच वाटतील. मग तुमच्याच हातचा चहा प्यायची मला काय गरज? पलीकडचा हॉटेलवालाही करतो."

"त्याचा चहा पाणचट असतो."

"तेवढ्यावर टिकलाय तुमचा संसार," काकू म्हणाल्या.

त्या वर्षी कडकरावांचा गुडघा दुखायला लागला. उभं राहायचा धंदा, त्यात वय. शेगडीपर्यंत जायचं म्हणजे टेबलाला धरत धरत जावं लागे. आणि त्याच दिवसांत एका दुपारी ते परीक्षेत जिंकले.

बटण दाबलं, खरखर झाली, श्वास ऐकू आला. गाणं सुरू झालं, पहिली ओळ गेली. काकूंच्या हातात शर्टाची बाही होती आणि त्या तिच्याकडे बघत होत्या.

"चिठ्ठीतलं," त्या म्हणाल्या.

कडकरावांनी वेष्टन पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "स्टेशनातलं," ते म्हणाले. "हरलीस."

"हरले," काकू म्हणाल्या आणि चहा करायला गेल्या.

कडकरावांना काय करू आणि काय नको असं झालं. इतक्या वर्षांनी विजय मिळाला तर तो साजरा कसा करतात हेही माणसाला माहीत नसतं. ते दुकानाच्या दारात आले, रस्त्याकडे पाहिलं, समोरून चष्मेवाले येत होते, त्यांना थांबवलं. चष्मेवाले कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त माणसाला कोणीही थांबवू शकतं.

"जिंकलो," कडकराव म्हणाले.

"काय?"

"ही हरली. स्टेशनातलं गाणं चिठ्ठीतलं म्हणाली."

"मला तर दोन्ही सारखीच वाटतात."

"तेच म्हणतो मी," कडकराव म्हणाले आणि त्यांनी चष्मेवाल्यांचा हात हातात घेतला.

चहा आला. त्यात साखर नव्हती. कडकरावांनी तो बिनतक्रार प्यायला. जिंकलेल्या माणसाने खुसपटं काढू नयेत.

मग ते पुन्हा जिंकले. आणि पुन्हा. कधी चहात साखर नसे, कधी दोनदा असे, एकदा नुसतंच गरम पाणी आलं. आणि कडकरावांना कळलं, म्हणजे आपल्याला कळलं असं त्यांना वाटलं. त्यांचा गुडघा. शेगडीपर्यंतच्या त्यांच्या फेऱ्या. ही मुद्दाम हरतेय. तोंडाने म्हणायचं नाही की तुम्ही बसा, मी करते चहा, कारण तसं म्हटलं तर यांचा अपमान होईल. म्हणून हरायचं, आणि चहा बिघडवायचा, म्हणजे जिंकण्याचा माज चढायला नको. इतकी वर्षं सोबत राहिल्यावरच अशी चूक करता येते. एखाद्या परक्या माणसाला लगेच दिसलं असतं, की बाईंचं काहीतरी चुकतंय. कडकरावांना त्यात फक्त आपली बायको दिसली. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी काही बोलून तिचा डाव उघडा पाडला नाही, रोज दुपारी जिंकले, रोज तो चहा संपवला, आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

एक दिवस तर कळसच झाला. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि टेपकडे बघत म्हणाल्या, "तुमचंच खरं हो. सगळी सारखीच आहेत."

कडकरावांनी त्या संध्याकाळी मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या शहरात एका कारखान्याच्या हिशेब विभागात होती. ती याच टेबलाखाली, याच गाण्यांत वाढली होती.

"तुझी आई कबूल झाली," ते म्हणाले.

"कशाला?"

"सगळी सारखीच आहेत म्हणाली. स्वतःच्या तोंडाने."

कडकरावांनी फोन कानावर घट्ट दाबला.

"हॅलो?"

"बाबा, आई हे गमतीत म्हणाली का?"

"छे, छे. अगदी मनापासून."

"आईला फोन द्या," मुलगी म्हणाली. मग बराच वेळ काकू फोनवर 'हो' आणि 'बरं' म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "ही मुलगी कामाला लागली कधी? मला कसं सांगितलं नाही कोणी?" आणि कडकराव हसले, कारण काकू नेहमीच असं तिरकं बोलत. मुलीशी फार दिवसांनी बोलणं झालं की असा टोमणा ठरलेला.

त्यानंतरच्या आठवड्यात इस्त्रीची तार जळाली. कडकराव ती दुरुस्त करायला घेऊन गेले, तिथे गप्पा मारत बसले, परत आले तेव्हा दुपार होत आली होती. दुकान स्वच्छ झाडलेलं होतं. कपाटातले सगळे शर्ट टेबलांवर उतरवून नीट रचून ठेवलेले होते, पांढऱ्यावर पांढरे, पांढऱ्यावर पांढरे. काकू स्टुलावर बसल्या होत्या. हातात छोटी कात्री होती आणि मांडीवर रंगीत दोऱ्यांचा एक गुंता होता, निळा, लाल, हिरवा, पिवळा, चिमणीने घरटं बांधायला जमवावा तसा.

"किती दोरे लोंबत होते," काकू म्हणाल्या. "प्रत्येक कॉलरमध्ये. कोण शिवतं हो असं?"

कडकराव आधी हसलेच. हसत हसत त्यांनी इस्त्री खाली ठेवली. "बरं, काढलेस ते काढलेस. आता लाव वेगळे. तुला कुठं दोरे लागतात."

काकूंनी वरचा शर्ट घेतला. खांद्यावरून हात फिरवला. खाली ठेवला. दुसरा घेतला, बटणं चाचपली, तोही ठेवला. पुन्हा पहिला घेतला.

"हे सगळे सारखेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि परक्या घरी पाहुण्याच्या हातून कप फुटला की तो जसा हसतो, तशा हसल्या.

कडकराव खाली बसले. बसायला काही नव्हतं, म्हणून जमिनीवर बसले. जिंकलेल्या सगळ्या परीक्षा एकीमागून एक उलट्या दिशेने चालत आल्या आणि ते त्यांच्यातली प्रत्येक हरले. बिनसाखरेचा चहा. गरम पाणी. मुलगी कामाला लागली कधी.

पुढचे काही दिवस दुकानात जत्रा होती. माणसं येत आणि त्या ढिगापुढे उभी राहत. "तुमचा तुम्ही ओळखा," कडकराव म्हणत. एकालाही स्वतःचा शर्ट ओळखता आला नाही. चष्मेवाले एक शर्ट घेऊन गेले, त्याच्या बाह्या त्यांच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या, तरी ते दोन दिवस तो घालून फिरत होते आणि आपण आक्रसलो असं समजत होते. बँकेतल्याच्या अंगात वाढप्याचा शर्ट गेला आणि पोटावर अडला. लोक हसत होते, काकूही हसत होत्या. कडकराव संध्याकाळी उरलेल्या शर्टांवरून हात फिरवत बसत. खांदा, बटण, बाहीचं टोक. काही कळत नव्हतं. नुसतं कापड लागत होतं. ज्यांचे शर्ट होते त्यांना ते माहीत नव्हते, आणि जिला माहीत होते ती शेजारी बसून दोऱ्यांच्या गुंत्यातून रंग वेगळे काढत होती.

मुलगी रजा घेऊन आली आणि दोघांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्याने काकूंना घड्याळ काढायला सांगितलं. काकूंनी सुरेख गोल काढला आणि त्यात काही भरायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याने तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. काकू म्हणाल्या, "तुम्हीच तर सांगितले होते ना, मग मला कशाला विचारता?" डॉक्टरला हसू आलं. कडकरावांनाही आलं, पण ते अर्ध्यात अडकलं.

काकू आणि मुलगी बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "मी जिंकत होतो, डॉक्टर. रोज."

डॉक्टरला ते काही उमगलं नाही. तो म्हणाला, "ही सुरुवात आहे. ओळखी हळूहळू पुसट होत जातात. आधी नव्या, मग जुन्या."

"गाण्यांच्या?"

"सगळ्याच. माणसांच्याही."

"आमची ओळख फार जुनी आहे," कडकराव म्हणाले.

"मग वेळ लागेल," डॉक्टर म्हणाला.

हे ऐकून कडकराव बाहेर आले. काकू बाकावर बसल्या होत्या. ते दिसताच त्या म्हणाल्या, "काय म्हणाला हो? गुडघ्याचं काय म्हणाला?" त्यांना वाटत होतं कडकरावांनाच दाखवायला आणलंय. कडकराव म्हणाले, "वेळ लागेल म्हणाला."

मुलीचं म्हणणं होतं, दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. कडकराव म्हणाले, तिला ही टेबलं ओळखीची आहेत. खरी गोष्ट अशी होती, की त्यांनी मनाशी काही ठरवलं होतं. उद्या मला ही सगळी सारखी वाटायला लागली तर पुरुषही सारखे वाटतील, असं ती म्हणाली होती. चेष्टेत म्हणाली होती, पण काकूंची चेष्टा आजवर खोटी ठरलेली नव्हती. तर मग गाणी सारखी वाटू द्यायची नाहीत, झालं. गाणी टिकली की आपण टिकलो. डॉक्टरच्या पुस्तकात हा उपाय नसेल, पण कडकरावांना दुसरा कोणता सुचणार होता?

म्हणून ज्या माणसाची आयुष्यभर टर उडवली, त्याची शिकवणी कडकरावांनी लावली. सुरुवातीला हाल झाले. श्वास म्हणजे श्वास, त्यात काय ऐकायचं? एकाच गाण्याचं तोंड ते पुन्हा पुन्हा ऐकत, शर्ट अर्धा राही, गिऱ्हाइकं ताटकळत. मग एक दिवस, पँटवर पाणी मारता मारता, त्यांना ऐकू आलं. स्टेशनातल्या गाण्याआधीचा श्वास अर्धाच आहे, पळत आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कळलं, की चिठ्ठीतल्या गाण्याआधी तो नाकाने श्वास घेतो आणि धरून ठेवतो, पाकीट उघडताना माणूस धरतो तसा. मग एकेक कळायला लागलं. हा माणूस खरंच प्रत्येक वेळी वेगळा घाबरत होता. आपण इतकी वर्षं फक्त जिना ऐकला, कडकरावांना वाटलं, खालच्या खोल्या पाहिल्याच नाहीत.

"अगं, ऐक. हा अर्धा श्वास. स्टेशनातलं."

"सगळी सारखीच," काकू म्हणत. "तुम्हीच म्हणायचात."

"मी गाढव होतो."

"तेही म्हणायचात?"

"ते तू म्हणायचीस."

"मग बरोबरच असेल," काकू म्हणत आणि हसत. असे दिवस चांगले.

परीक्षा चालूच होती. एका दुपारी बटण दाबल्याबरोबर काकू म्हणाल्या, "स्टेशनातलं." आणि ते स्टेशनातलंच होतं. कडकराव गुडघा विसरून शेगडीकडे धावले, चहा उतू गेला, कपात अर्धाच आला, तो त्यांनी काकूंपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्दीचं लावलं. काकू म्हणाल्या, "स्टेशनातलं." चिठ्ठीतलं लावलं. "स्टेशनातलं." टेप बंद असतानाही, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला तेव्हा, काकू म्हणाल्या, "हे स्टेशनातलं."

कडकराव तरीही चहा करायला उठले. कोणाला तरी जिंकायला हवं होतं.

पुढे एक दिवस काकूंनी इस्त्री शर्टावर टेकवून ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. शर्ट जळाला, खालच्या चादरीच्या घड्या जळाल्या, आणि मग ती उचलायला त्यांनी मूठ न धरता खालचा लोखंडी तळच धरला. तळहात भरून यायला महिना गेला. त्यानंतर मुलीच्या सांगण्यावरून कडकरावांनी त्यांच्या टेबलावर एक मेलेली इस्त्री ठेवली, जिची तार नुसतीच टेबलाखाली लोंबत होती. काकू गाण्याच्या तालावर ती थंड इस्त्री फिरवत, कॉलर, खांदा, कफ, अगदी क्रमाने. जिना चढला की घडी घालत. कडकराव ती घडी उचलून मागे नेत, मोडत आणि पुन्हा इस्त्री करत.

"ही तापत नाही," एकदा काकू म्हणाल्या.

"तापते. नव्या पद्धतीची आहे. हाताला कळत नाही."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "खोटं बोलताना कान लाल होतात," त्या म्हणाल्या.

ही खूण फक्त तिला माहीत होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने ती पकडली होती. त्यांनी हळूच, श्वास धरून विचारलं, "कोणाचे?"

काकूंनी खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडेपर्यंत केला.

"पुरुषांचे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर एका दुपारी मुलीने फोनवर एक गाणं पाठवलं. हुंदकेश्वराने म्हातारपणी आणखी एक गाणं काढलं होतं. कडकरावांनी फोन टेपला टेकवून उभा केला आणि गाणं लावलं. आवाजाचं लाकूड झालं होतं. दम पुरत नव्हता, ओळीच्या मध्येच सुटत होता. चष्मेवाले शर्ट न्यायला आले होते. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"हे त्याचं जुनंच गाणं ना?"

"नवीन आहे."

"चाल तीच. ती गेली म्हणून रडणं तेच. काही म्हणा कडकराव, तुमचं खरं होतं. याची सगळी गाणी सारखीच."

"काही सारखी नाहीत," कडकराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पूर्वी तो गायच्या आधी श्वास घ्यायचा. यात घेतलेलाच नाही. बिनश्वासाचा सुरू झालाय. आणि ती गेली असं तो कुठं म्हणतोय? नीट ऐका. ती इथेच आहे म्हणतोय. समोर बसलीये म्हणतोय."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग काकूंकडे पाहिलं, शर्ट घेतला आणि जिन्याकडे गेले.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर रुमालांची चळत होती. त्या पुढे वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, भाऊ."

कडकरावांनी मान वर केली. आजवर त्यांना अशी हाक कोणीही मारावी, तिने सोडून.

"तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासमोर असं बोलू नका हं. त्यांना ही सगळी गाणी सारखीच वाटतात. भांडतील उगाच."

इस्त्री हातात राहिली होती. कडकरावांनी ती आधी उभी केली. मग विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"मी? हरवते त्यांना." काकूंच्या चेहऱ्यावर फार जुनं हसू आलं. "रोज हरवते. कान नाही हो त्या माणसाला, अजिबात नाही. पण हरला की मुकाट्याने चहा करतो. एवढं मात्र आहे."

"येतील ना ते?"

"येतील की. जातील कुठं?" त्यांनी कपाटाच्या दिशेने पाहिलं. "चहाच करायला गेले असतील. आज वेळ लावला जरा. गुडघा दुखतो त्यांचा, सांगत नाहीत."

कडकराव टेबलाला धरत धरत शेगडीकडे गेले. पाणी ठेवलं. साखर किती घालायची ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. दोन कप भरले, दोन्ही हातांत घेऊन पुढे आले. एक कप काकूंच्या हातात दिला. दुसरा ते तोंडाला लावणार, तोच काकूंनी हात मध्ये घातला.

"तो नको," त्या हलकेच म्हणाल्या. "तो त्यांचा. झाकून ठेवा. आल्यावर पितील."

फोनवर म्हाताऱ्या गायकाचा आवाज कसाबसा एक पट्टी वर चढला. कडकरावांनी आपल्या चहावर बशी झाकली, कप कपाटाच्या कडेला सरकवला आणि पुढचा शर्ट घेतला. कॉलर न उलटताच त्यांना कळलं, तो वाढप्याचा होता.